वाचकांचे प्रश्न : बातमी शिकायला सातासमुद्रापार

मागच्या अंकात कार्डिफमधल्या माझ्या वर्षाबद्दल दोनच परिच्छेद लिहिले होते, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी सगळी जागा त्यांनाच देते आहे. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी: मी मनमाडची. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. पुण्यात चार वर्षं बातमीदारी केली, २०१० च्या सप्टेंबरात वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात आंतरराष्ट्रीय पत्रकारितेच्या एम.ए.ला गेले, वर्षभराने परत आले. तेव्हापासून मराठीत परदेशच्या बातम्या करते. पत्रं थोडी आखडून छापली आहेत आणि नावं राखून ठेवली आहेत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

ताई, मी निफाड तालुक्यातला. नाशिकला टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. आमची साडेतीन एकर जमीन, कांदा आणि थोडी द्राक्षं. मला इंग्लंडला जाऊन इंटरनॅशनल जर्नालिझम करायचं आहे. वडील म्हणतात, एक एकर विकू पण तू जा. माझं इंग्रजी वाचायला बरं आहे, बोलताना अडखळतो. जाऊ का?

जमीन विकू नकोस. बाकीचं सगळं नंतर, हे आधी.

आता हिशेब. ब्रिटनमध्ये हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो आणि नावाजलेल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याची फी वीस हजार पौंडांच्या वर आहे. व्हिसासाठी नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, लंडनमध्ये १,५२९. ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. मामाने दोन दिवसांसाठी टाकले आणि काढून घेतले, असं चालत नाही. सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला ७७६ पौंड व्हिसाच्या अर्जासोबतच भरायचे. पौंड शंभर रुपयांच्या केव्हाच पुढे गेला आहे, तेव्हा सगळं मिळून पस्तीस लाखांच्या वरच धर. कर्ज काढायला गेलास तर बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत, घर किंवा बिनशेती प्लॉट मागतात. म्हणूनच वडिलांच्या मनात एकर विकायचं आलं असणार.

हे पैसे तिथे कमावून फेडू, असं तुला कुणी सांगितलं असेल तर तेही नीट ऐक. पदवीनंतर नोकरी शोधायला ब्रिटनमध्ये दोन वर्षं राहता येत होतं. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. मी शिकत होते तेव्हाही अशी दोन वर्षं मिळायची. २०१२ च्या एप्रिलमध्ये ती सवलत बंद झाली आणि २०२१ च्या जुलैत नव्या नावाने परत आली. मधल्या नऊ वर्षांत कर्ज काढून गेलेली आणि हात हलवत परतलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यात हुशारीची कमी नव्हती. शिकताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि वर्तमानपत्राला सुटे लेख देऊन मानधन घेणं हा स्वयंरोजगारच धरला जातो. म्हणजे हॉटेलात भांडी घासायला परवानगी आहे, लेख विकायला नाही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते आहे.

इंग्रजीचं काय? प्रवेशासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ९ पैकी ७ च्या आसपास गुण मागतात, वर्षभर नेमाने अभ्यास केलास तर ते येतील. बोलताना अडखळणं तिथे महिनाभरात सुटतं. मला ठेच लागली ती वेगळ्याच ठिकाणी.

२०१० च्या नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, आपल्याकडचा लाल कांदा शेतातच सडला, दिल्लीत भाव भडकले. २० डिसेंबरला केंद्राने निर्यात थांबवली आणि वाघा सीमेवरून पाकिस्तानचा कांदा यायला लागला. जानेवारीत पाकिस्तानने जमिनीमार्गे तो पाठवणं बंद केलं. वर्गात बातमी द्यायची होती. मला वाटलं, ही तर माझ्या घरची बातमी. झोकात लिहून काढली. शेजारी लेगॉसचा एक मुलगा बसायचा, त्याला वाचायला दिली. लासलगावची बाजार समिती मी शब्दशः इंग्रजीत नेली होती. तो म्हणाला, ‘या समितीत किती सदस्य आहेत? ते भाव कसे ठरवतात, मतदान करून?’ त्याच्या डोळ्यांपुढे टेबलाभोवती बसलेली माणसं होती. ‘लिलाव’ वाचून त्याला हातात लाकडी हातोडी धरलेला माणूस दिसत होता. क्विंटल कळला नाही, लाख कळला नाही. माझं व्याकरण सगळं बरोबर होतं आणि बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

आमच्या शिक्षिकेने माझा कागद पालथा घातला आणि म्हणाल्या, ‘तिथे उभी राहिलीस तर काय दिसतं?’ मी सांगत गेले. ट्रॅक्टरच्या रांगा. ट्रॉलीत कांदा, ट्रॉलीला टेकून उभा शेतकरी. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकतो. कुणी मूठभर कांदे उचलून दाबून बघतो, बोली चढते, मिनिटभरात संपते, भाव चिठ्ठीवर लिहून शेतकऱ्याच्या हातात येतो. वर्षभराच्या कष्टाचा तेवढाच एक मिनिट. त्या म्हणाल्या, ‘हे लिही.’

वर्गात ढाक्याची एक मुलगी होती. भारताने कांदा थांबवला की तिच्या आईच्या स्वयंपाकघरात काय होतं, हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं. तिने मावशीला फोन लावला, मावशीने कारवान बाजारातला भाव सांगितला. शेवटी आम्ही दोघींनी मिळून बातमी केली, अर्धी लासलगावची, अर्धी ढाक्याची. पुढे २०१९ च्या सप्टेंबरअखेर पुन्हा निर्यातबंदी आली आणि बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यासपीठावरून म्हणाल्या की, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलं आहे. त्या दिवशी या मैत्रिणीचा मेसेज आला, ‘आपली बातमी अजून चालू आहे.’ २०२३ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या मेपर्यंत ती परत चालू होती.

तू त्या बातमीच्या दारात राहतोस. ट्रॉलीशेजारी तुझे वडीलच उभे असतात. परदेशी बातमीदार दिल्लीहून लासलगावला येतो तेव्हा त्याला दुभाषा लागतो, गाडी लागते, आणि संध्याकाळी परतायची घाई असते. तुला यातलं काहीच लागत नाही. म्हणून माझा सल्ला असा आहे. बी.ए. झाल्यावर पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटला ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात. नाहीतर अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेची पदविकाही आहे. मग दोन वर्षं नोकरी कर. दोन वर्षं अशासाठी की ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती तेवढा अनुभव मागते, तासांत सांगायचं तर २,८००. ती फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही देते, बदल्यात शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात. मुंबईतली जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. प्रवर्गात बसत असशील तर राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान ही मोठी अट असते, तेव्हा विद्यापीठ निवडण्याआधी ती वाच.

आणि एजंट. मी एका सल्ला केंद्राला पैसे दिले होते. त्यांनी माझा अर्ज परस्पर ‘मीडिया मॅनेजमेंट’ला टाकला, कारण तिथे जागा लवकर मिळते. मला कळेपर्यंत दोन महिने गेले होते. अर्ज स्वतः कर, तो भरायला एक रविवार पुरतो. अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नकोस. ‘मीडिया’, ‘कम्युनिकेशन’, ‘ग्लोबल’ हे शब्द असले की बहुधा वाचन आणि निबंध असतात. ‘जर्नालिझम’ असलं तरी तिथे चालतं वृत्तकक्ष आहे का, आठवड्यातले किती दिवस त्यात बसवतात, शिकवणाऱ्यांनी स्वतः बातम्या केल्या आहेत का, हे विभागाला ईमेल करून विचार. उत्तरं देतात.

वडिलांना माझा नमस्कार सांग. ते एक एकर विकायला तयार झाले, हे मी विसरणार नाही.

मी पुण्यात पत्रकारिता शिकते आहे. आमचे एक सर म्हणतात की बातमी सगळीकडे सारखीच, पाच ‘क’कार (काय, कोण, कुठे, कधी, का) सगळीकडे तेच, परदेशात जाऊन वेगळं काही शिकवत नाहीत. नेमकं काय शिकवतात?

तुमच्या सरांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. बातमी लिहायला मी पुण्यातच शिकले होते. कॅमेरा, संपादन, आवाज कापणं हे तिथे शिकवलं, पण ते इथेही शिकता येतं.

तिथे जे मिळालं त्याची सुरुवात एका जुन्या अभ्यासापासून झाली. १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रुगे या दोघा नॉर्वेजियन संशोधकांनी काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या संकटांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वर्तमानपत्रांत कशा आल्या ते तपासलं. दूरच्या देशातली कुठली घटना बातमी होते आणि कुठली होत नाही, याची त्यांनी कारणं शोधली. घटना अचानक घडलेली हवी, वाईट हवी, बलाढ्य देशाशी किंवा बड्या माणसाशी जोडलेली हवी, वाचकाला आपल्यासारखी वाटणारी माणसं तिच्यात हवीत. ज्या देशात यातलं काहीच नाही तो देश पानावर येतच नाही. हे वाचल्यावर आम्हाला काम दिलं की, आपापल्या भाषेतलं एक आठवड्याचं वर्तमानपत्र मोजा. माझ्या वडिलांनी मनमाडहून सात दिवसांचे अंक सुतळीने बांधून पोस्टाने पाठवले. मी फूटपट्टी घेऊन परदेशच्या बातम्यांची लांबी मोजत बसले. अमेरिका, पाकिस्तान, ब्रिटन, परत अमेरिका. आफ्रिकेची त्या सात दिवसांत एक बातमी निघाली, बोट बुडाल्याची, आठ सेंटिमीटर. आणि त्या सगळ्या ढिगात मराठी माणसाने जाऊन, विचारून, पाहून लिहिलेली एकही बातमी नव्हती. सगळं वृत्तसंस्थांकडून आलेलं. फूटपट्टी ठेवली तेव्हा मला रडू आलं होतं. मी स्वतः तशाच एका पानावर चार वर्षं काम केलं होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

हा प्रश्न जुना आहे आणि त्यात भारताचा मोठा वाटा आहे. १९८० मध्ये युनेस्कोसाठी शॉन मॅकब्राइड यांच्या आयोगाने अहवाल दिला, त्या आयोगात आपले पत्रकार बी. जी. वर्गीस सदस्य होते. जगाच्या बातम्या मूठभर पाश्चात्त्य संस्थांच्या हातातून वाहतात आणि गरीब देशांना स्वतःची बातमीसुद्धा लंडन-न्यूयॉर्कच्या नजरेतून वाचावी लागते, ही त्यामागची तक्रार होती. त्यावरून झालेल्या वादात अमेरिका १९८४ अखेर आणि ब्रिटन १९८५ मध्ये युनेस्कोतून बाहेर पडले. हे आम्हाला ब्रिटनच्याच विद्यापीठात शिकवलं, आणि दहा-बारा देशांच्या मुलांनी त्यावर कडाकडा भांडून वर्ग डोक्यावर घेतला. तो वर्ग मला पुण्यात मिळाला नसता. माझी हुशारी किंवा शिक्षकांची विद्वत्ता एवढ्याने तो होत नाही, त्याला त्या खुर्च्यांवर ती माणसं बसलेली लागतात. कार्डिफचा विभाग १९७० मध्ये टॉम हॉपकिन्सन यांनी सुरू केला. ते त्याआधी दक्षिण आफ्रिकेत ‘ड्रम’ मासिकाचे संपादक होते आणि नैरोबीत आफ्रिकेतल्या तरुण बातमीदारांना शिकवत होते. बाहेरच्या मुलांना बोलवायची रीत तिथे जुनी आहे.

एक दिवस सांगते. शुक्रवार, २८ जानेवारी २०११. दर आठवड्याला एक दिवस आम्ही खराखुरा वृत्तकक्ष चालवायचो, सकाळी नवाला बैठक, संध्याकाळी पाचला बातमीपत्र. इजिप्तमध्ये सरकारविरोधी आंदोलन पेटलं होतं, आदल्या रात्री सरकारने इंटरनेट तोडलं होतं आणि त्या दिवशी मोबाइलही बंद होते. आमच्यात अलेक्झांड्रियाची एक मुलगी होती. ती कोपऱ्यातल्या टेलिफोनवरून घरचा लँडलाइन फिरवत होती. चाळीसेक वेळा लावल्यावर लागला. ती अरबीत बोलत होती, आम्ही सगळे काम थांबवून तिच्याकडे बघत होतो. फोन ठेवल्यावर त्या दिवशीचा आमचा संपादक, तोही विद्यार्थीच, तिला म्हणाला, ‘आईचं म्हणणं रेकॉर्ड करता येईल का? आजची पहिली बातमी तीच.’ ती म्हणाली, ‘माझी आई तुमची प्रत्यक्षदर्शी नाही. ती घाबरलेली आहे, आणि तिचं नाव तिथल्या पोलिसांना इथून कळू शकतं.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘मी लिहीन. काय लिहायचं ते मी ठरवीन.’ तिने चारशे शब्द लिहिले, आईचा उल्लेख कुठेच नाही, शेजारच्या पावाच्या दुकानापुढची रांग आहे. आजही परदेशातल्या कुणाला फोनवर बोलतं करताना मी आधी विचारते, तुमचं नाव आलं तर तुम्हाला काय होईल? हे मला तिने शिकवलं.

सरांना हे जरूर वाचून दाखवा. ते रागावणार नाहीत असं मला वाटतं.

मी डोंबिवलीची. मुलगी बावीस वर्षांची आहे, तिला परदेशात पत्रकारिता शिकायची आहे आणि युद्धाच्या बातम्या करायच्या आहेत म्हणते. मला रात्र रात्र झोप लागत नाही. तिला अडवावं का?

वहिनी, तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दानिश सिद्दिकी दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठात शिकले, रॉयटर्सचे छायाचित्रकार झाले, रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये त्यांच्या चमूला पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक इथे ते मारले गेले. त्यांच्या मागे जगातली बलाढ्य वृत्तसंस्था होती, तरीही.

पण दोन गोष्टी तुमच्या कानावर घालते. आंतरराष्ट्रीय पत्रकारिता शिकलेल्यांपैकी फार थोडे रणांगणावर जातात. माझ्या वर्गातली माणसं आज व्यापार, हवामान, न्यायालयं, स्थलांतर, क्रिकेट यांच्या बातम्या करतात. आणि जगात जे पत्रकार मारले जातात त्यांत बहुसंख्य आपापल्या देशात, आपापल्या गावच्या बातम्या करणारे असतात. राजापूरच्या शशिकांत वारिसे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली घातलं गेलं. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्याच बातम्या करत होते. पोरीला घरात ठेवलं म्हणून ती सुरक्षित, हे समीकरण या व्यवसायात बसत नाही.

तेव्हा अडवू नका, अटी घाला. संकटग्रस्त भागात जाण्याआधीचं प्रशिक्षण असतं. त्यात रक्तस्राव कसा थांबवायचा, गोळीबाराचा आवाज कुठून येतो ते कसं ओळखायचं, नाक्यावर अडवलं तर हात कुठे ठेवायचे, असं सगळं चार-पाच दिवसांत करून घेतात. ते केल्याशिवाय जायचं नाही. विम्याशिवाय जायचं नाही. मोठी संस्था पाठवत असेल तर या दोन्ही गोष्टी ती देते. खरी भीती आहे ती स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्याही पाठबळाशिवाय जाणाऱ्यांची. त्यांना प्रशिक्षणासाठी मदत करणारी लंडनची रोरी पेक ट्रस्ट ही संस्था आहे, तिचं नाव मुलीला सांगा. कुठे जाते, कधी परत येते, किती वाजता फोन करणार आणि तो आला नाही तर कुणाला कळवायचं, हे लिहून घरात ठेवायचं. मी आजही बाहेर पडताना असा कागद फ्रिजवर लावून जाते. पूर्वी तो आई वाचायची, आता माझा नवरा वाचतो.

मी नांदेडला एका दैनिकात नऊ वर्षं आहे, वय ३६. आमच्याकडे परदेश पान म्हणजे इंग्रजी बातमीचं भाषांतर. मला यातून बाहेर पडायचं आहे. विद्यापीठात जायला उशीर झाला का? घरी दोन मुलं आहेत.

उशीर झालेला नाही, पण एक वर्षाचं एम.ए. तुमच्यासाठी नाही असं माझं मत आहे. २०२४ पासून ब्रिटनमध्ये अशा अभ्यासक्रमाला येणाऱ्याला बायको-मुलांना सोबत आणता येत नाही. नऊ वर्षांच्या अनुभवावर तुम्हाला त्याहून चांगल्या वाटा आहेत. ऑक्सफर्डला रॉयटर्स इन्स्टिट्यूट २००६ पासून आहे, ती काम करणाऱ्या पत्रकारांना काही महिन्यांची फेलोशिप देते. एक विषय घेऊन जायचं, त्यावर काम करून यायचं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात चेव्हनिंगचा दक्षिण आशियातल्या पत्रकारांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम होतो. पूर्ण पदवीच हवी असेल तर जर्मनीत बॉनला डॉइचे वेले या तिथल्या प्रसारण संस्थेच्या अकादमीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहा, तो तुमच्यासारख्या अनुभवी लोकांचा विचार करून आखलेला आहे.

सगळीकडे विचारतात की तुमचा विषय कोणता. ‘मला शिकायचं आहे’ एवढ्याने भागत नाही. तुमच्याकडे विषय आहे. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला कॅनडातून, ब्रिटनमधून यात्रेकरू येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं. त्या महिन्यांत यात्री निवासात काय झालं, कुणाचं लग्न अडलं, कुणाच्या अस्थी राहिल्या, टॅक्सीवाल्याच्या घरी काय शिजलं? हे ओटावातल्या कुणालाही नांदेडहून कळलं नाही आणि नांदेडच्या वाचकालाही त्याच्या गावाची ही बाजू कुणी दाखवली नाही. तुमच्या भाषांतराच्या पानावर त्या दिवशी दोन्ही सरकारांची निवेदनं आली असतील.

गोविंद तळवलकर १९६८ ते १९९६ महाराष्ट्र टाइम्सचे संपादक होते. मॉस्को, वॉशिंग्टनवर ते मराठीत लिहायचे तेव्हा ते वाचायला लोक अंकाची वाट बघायचे, माझे वडील त्यांतले एक. रेल्वेच्या कारखान्यातला माणूस गोर्बाचेव्हवर वाद घालायचा. तो वाचक गेला, असं संपादक मंडळी मला नेहमी ऐकवतात. मला ते पटत नाही. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झाली तेव्हा लोकांनी जगाच्या बातम्या मराठीत वाचल्या, ऐकल्या, अजूनही वाचतात. वाचक आहे तिथेच आहे, त्याच्यासाठी बाहेर जाऊन, पाहून लिहिणारं माणूस कमी झालं आहे.

तुमच्या संपादकांकडून महिन्याला एका बातमीपुरती जागा मागून घ्या. सहा बातम्या झाल्या की फेलोशिपच्या अर्जाला जोडायला तुमच्याकडे काहीतरी असेल. मराठीत असल्या तरी चालतात, सोबत इंग्रजी सारांश द्यायचा.

आम्ही मडगावचे. आजी पोर्तुगीज बोलते, मलाही बऱ्यापैकी येते. मराठी-कोकणी तर आहेच. पत्रकारितेत याचा उपयोग आहे का, की लोक म्हणतात तसं लंडनच गाठावं?

लंडन गाठू नका, निदान आधी नको. पोर्तुगीज ही नऊ देशांच्या संघटनेची भाषा आहे, त्यात ब्राझील, अंगोला, मोझांबिक आहेत. आपल्याकडे मोझांबिकवर लिहिणारं कुणी नाही, आणि तिथल्या बंदरांशी गोव्याचं नातं तर तुमच्या आजीच्या पिढीपर्यंत चालत आलं आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, तिथे भाषा पक्की करून लिस्बन किंवा कोइम्ब्राला पत्रकारितेसाठी अर्ज करा. पोर्तुगालची वृत्तसंस्था लुझा आहे, तिच्या बातम्या आजपासून रोज वाचा.

एक खबरदारी. १९६१ च्या १९ डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं आणि तुम्हालाही कुणी ते सुचवेल, शिक्षण स्वस्त पडेल म्हणून. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. फीचा हिशेब करताना हा निर्णय घाईत करू नका.

‘ओ हेराल्दो’ १९०० पासून १९८३ पर्यंत पोर्तुगीजमधून निघत होता, मग इंग्रजी झाला. तुमच्या आजीने तो वाचलेला असणार. त्यात परदेशच्या कुठल्या बातम्या यायच्या, लिस्बनच्या किती, आफ्रिकेच्या किती, घरातलं कोण कुठली बातमी मोठ्याने वाचायचं, हे तिला पोर्तुगीजमधूनच विचारा आणि रेकॉर्ड करून ठेवा. मला पाठवलंत तर पुढच्या महिन्यात त्यातलं थोडं इथे छापते.